आप्पांचं नाक आणि माझी गाडी

सांगलीतल्या एका गॅरेजवाल्याने माझ्या गाडीच्या पोटाखालचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कापून काढला, तो मी त्यालाच भंगारात ठेवून घ्यायला सांगितलं, आणि वर त्याला मिसळ खायला घातली. मी बारावीला रसायनशास्त्र शिकवतो.

ही दोन वाक्यं एकाखाली एक लिहिली की वाचणारा क्षणभर थांबतो. तेव्हा मी मात्र कुठंच थांबलो नव्हतो. गाडी सेकंडहँड होती, चढाला धापा टाकायची, आणि गॅरेजवाला खाली झोपून बॅटरीचा उजेड पाडत म्हणाला होता, "गाडी कोंडलीया सर. ह्यो डबा बगा. कंपनी सायलेन्सरच्या आदी बूच मारून ठेवती. आत जाळी आसती. पिकप खाती, मायलेज खाती."

"मग कंपनी बसवते कशाला?"

"थंड देशातलं डिझाइन हाय, सर. तिकडं इंजिनाला ऊब लागती. आपल्याकडं काय गरज?"

हे मला पटलं. मे महिना होता. सांगलीत मे महिन्यात कुठलीही वस्तू ऊब देण्यासाठी ठेवलेली आहे असं कळल्यावर ती काढून टाकावी असंच माणसाला वाटतं. त्याने डब्याच्या जागी सरळ नळी जोडली. गाडी सुरू केल्यावर समोर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. "ती लाइट जळूदे," तो म्हणाला, "तिला डब्याची आठवण येती. हुईल बंद हळूहळू." ती बंद झाली नाही. मी तिच्यावर गणपतीचा स्टिकर लावला.

कॉलेज सुरू झाल्यावर मी वर्गात उत्प्रेरक शिकवला. फळ्यावर कन्व्हर्टरची आकृती काढली. धुरातल्या तीन वाईट गोष्टी सांगितल्या: अर्धवट जळालेला कार्बन मोनॉक्साइड, ज्याला वासही नसतो आणि दयामायाही नसते, न जळता निसटलेलं पेट्रोल, आणि इंजिनाच्या आचेत हवेतल्याच नायट्रोजनचे तयार होणारे तिखट ऑक्साइड. मधमाशीच्या पोळ्यासारखी चिनीमातीची जाळी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ थर. विषारी वायू त्या छिद्रांतून जातात आणि पलीकडून कार्बन डायऑक्साइड, पाण्याची वाफ आणि साधा नायट्रोजन होऊन बाहेर पडतात. धातू मात्र होता तेवढाच राहतो. "लग्न जमवणाऱ्या मध्यस्थासारखा," मी म्हणालो, "दोघांची गाठ घालून देतो, स्वतः बोहल्यावर चढत नाही." मुलं दरवर्षी याच ठिकाणी हसतात. त्या दिवशीही हसली. मी फळा पुसला, खाली उतरलो, गाडी सुरू केली आणि घरी आलो.

घर म्हणजे विट्यातली भाड्याची खोली. ही हकीकत खरं तर त्या घराच्या मालकांची आहे. गाडी तिच्यात अधूनमधून धूर सोडत जाते, एवढंच.

घरमालकांना सगळे आप्पा म्हणायचे. विट्याची निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात. देशात कुठल्याही शहरात सराफ कट्ट्यामागच्या बोळात जा, जुनं सोनं वितळवून शुद्ध करून देणारा विट्याकडचा माणूस भेटणार. आप्पांनी उभी हयात कोइमतूरला तेच केलं. खाली दुकान, वर खोली, खोलीला खिडकी नाही. दुकानात तेजाब उकळायचं, म्हणजे नायट्रिक ॲसिड, आणि त्याचा तांबूस धूर जिन्याने वर यायचा. "पोरं अभ्यास कराय बसायची आनि धूर त्यांच्याआदी बसलेला असायचा," आप्पा सांगायचे. छाती त्यातच गेली. म्हातारपणी दुकान मुलाच्या हवाली करून ते विट्याला परत आले आणि घर बांधलं. गवंड्याला एकच सूचना: खिडक्या. त्या घरात भिंती शोधाव्या लागायच्या. कॅलेंडर लावायला जागा नव्हती, ते फ्रिजवर होतं. पावसाळ्यात घरातली सगळी माणसं खिडक्या लावत फिरायची आणि शेवटची लावेपर्यंत पाऊस थांबलेला असायचा.

धंदा सोडला तरी धंद्याची शिस्त सुटली नव्हती. गलाईच्या दुकानात कण वाया जाऊ देत नाहीत. झाडलेली माती साठवतात, हात धुतलेलं पाणी साठवतात, वर्षाकाठी पायपुसणंसुद्धा जाळून त्याच्या राखेतून सोनं काढतात. मी खोली बघायला गेलो त्या दिवशी दारात सवयीने चपला झटकल्या, तर आतून आवाज आला, "आत! आत झटका!"

"अहो, माती आत येईल."

"यायलाच पायजे. बाहीर झटकलं की गेलं न्हवं!"

त्या घरात पाहुणे पाय आत झटकायचे. काकी, म्हणजे आप्पांची बायको, बाहेरून आत झाडायच्या. हात धुतलेलं पाणी कढीपत्त्याच्या झाडाला जायचं आणि आप्पा त्या झाडाला जपून वागवायचे, कारण त्यांच्या हिशेबाने ते आता किमतीचं झालं होतं. "विट्याच्या मातीत कुठलं सोनं?" मी एकदा विचारलं. "न्हाईच," आप्पा म्हणाले, "पर सवय मोडली की हात ढिला पडतो."

माणसांचाही ते टंच काढायचे. टंच म्हणजे सोन्यात शंभरात किती सोनं, तो आकडा. "जावई पंच्याहत्तर टंच. तांबं हाय, पर टिकाऊ." "ह्यो नवीन नगरसेवक? वरनं सोनं, आतनं घुंगरू." स्वतःला ते ब्याण्णव द्यायचे. "शंभर टंचाचा मानूस वाकतो. दागिना हुईत न्हाई त्याचा." एखाद्या गोष्टीला होकार द्यायचा तर "सेरी" म्हणायचे, तमिळमध्ये. भांडणही तमिळमध्ये करायचे, त्यामुळे गल्लीत कुणाशी त्यांचं वाकडं नव्हतं.

आणि नाक. छाती गेली तसं सगळं बळ नाकात जाऊन बसलं असावं. तिसऱ्या घरातल्या आमटीत आमसूल आहे की चिंच, हे ते खाटेवर पडून सांगायचे. काकींनी दुधाचं पातेलं उघडायच्या आधी आतून निकाल यायचा, "नासलंय." त्यांच्या नाकाला आव्हान देणारा माणूस गल्लीत उरला नव्हता. मीच एक होतो, आणि मला माहीत नव्हतं.

माझी गाडी आप्पांच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली उभी असायची. सकाळी मी ती सुरू करायचो. इंजिन तापू द्यावं हा माझ्या वडिलांचा संस्कार. त्यांच्याकडे जुनी जीप होती. गाडी सुरू करून मी चष्म्यासाठी वर जायचो. मग डब्यासाठी. मग मोबाइलसाठी, जो खिशात असायचा. मध्येच येऊन एक-दोनदा जोरात ॲक्सिलेटर दाबायचो. सांगलीपासून गाडीचा आवाज भारदस्त झाला होता आणि मला तो आवडायचा.

पहिल्यांदा तक्रार केली माझ्या बायकोने. ती साताऱ्याला नोकरीला. शनिवारी मी साताऱ्याला जायचो, कधी ती विट्याला यायची. रहिमतपूरच्या चढाला ती म्हणाली, "अहो, डोळे चुरचुरतायत माझे. गाडी थांबवा." खाली उतरून तिने दोन मोठे श्वास घेतले. मी तिला समजावलं की चाळिशी आली की असं होतं, आणि साताऱ्यात पोचल्यावर तिला चष्म्याच्या दुकानात नेलं. तिला नंबर निघाला. त्यामुळे मला माझं बरोबर असल्याची खात्री पटली. तो चष्मा तिला अजून लागतो; ती माझ्याकडे तो नाकावर खाली ओढून, काचांच्या वरून बघते.

मग एके सकाळी आप्पा माझ्या खोलीत आले. बसले नाहीत. नाक जरा वर धरून स्वयंपाकघरात गेले, ओट्याखाली वाकले, बाथरूममध्ये डोकावले. खुंटीवरचा माझा प्रयोगशाळेतला पांढरा कोट हातात घेतला. त्याच्या बाहीला ॲसिडने पडलेलं भोक होतं. त्यातून बोट बाहेर काढून त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"काय हुडकताय आप्पा?"

"काय न्हाई." शेल्फवरची बाटली उचलली. "ह्ये काय?"

"व्हिनेगर."

"आमी बी असंच सांगायचो."

आणि गेले. आठवडाभर असे ते वेळीअवेळी येत राहिले. शेवटी एका सकाळी, मी गाडी तापत ठेवून चष्मा शोधत असताना, ते जिन्यावर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "मास्तर, मला वाटा नको."

"कशात?"

"मी कुनाला सांगनार न्हाई. पोटासाठी मानूस काय बी करतो. पर हितं नका करू. गच्चीवर करा, चिमणी बसवून घ्या. तेजाबाचा वास थेट माझ्या उशाला येतोय. आनि एक सांगू? राग मानू नका. काम कच्चं हाय तुमचं. नुस्ता वास उठतोय. सोन्यात चांदी जादा पडती का तुमची?"

मला कळायला जरा वेळ लागला. आप्पांच्या मते मी चोरून गलाई करत होतो. रसायनशास्त्राचा मास्तर, कोटाला ॲसिडचं भोक, बायको परगावी, आणि रोज सकाळी तेजाबाचा वास. पुरावा म्हणून बघितलं तर मला स्वतःलाच माझा संशय यावा असं होतं.

"आप्पा, देवाशपथ, इथं कसलाही वास नाही," मी म्हणालो. मला खरंच येत नव्हता. मला नाकाने काही कळत नाही. प्रयोगशाळेत मुलं मला हाताने खूण करतात.

"मग मला कसा येतोय?"

"भास असेल."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं ते मला आवडलं नाही. इतका वेळ त्यांना मी चोर वाटत होतो आणि त्यांच्या चेहऱ्यावर आपुलकी होती. आता ती गेली.

खोकला वाढत चालला होता. काकींनी विचारलं म्हणून मी आप्पांना माझ्या गाडीतून मिरजेला छातीच्या डॉक्टरकडे नेलं. तासगावपर्यंत ठीक होतं. पुढे रेल्वेचं फाटक बंद होतं. काचा उघड्या ठेवून आम्ही थांबलो, आणि मागच्या सीटवर आप्पा एकदम उठून बसले. "हितं बी! हितं बी कुनीतरी गलाई लावलीय!"

आजूबाजूला ऊस होता. मी काकींकडे आरशातून बघितलं. काकींनी डोळ्याला पदर लावला. मला वाटलं रडतायत. नंतर कळलं, त्यांचेही डोळे चुरचुरत होते.

डॉक्टर म्हणाले, छाती जुनीच खराब आहे, धुरापासून सांभाळा. मी म्हणालो, सांभाळतोच आहोत. आणि त्याच गाडीतून त्यांना परत आणलं. घरी पोचेपर्यंत आप्पा निम्मे झाले होते. प्रवास सोसला नाही, असं सगळ्यांचं मत पडलं.

यानंतर मी जे केलं ते शंभर टक्के भल्याच्या हेतूने केलं. मी आप्पांच्या मुलाला कोइमतूरला फोन केला. म्हणालो, आप्पांना नसलेला वास येतो. घरात येतो, रस्त्यात येतो, उसात येतो. मन जुन्या दिवसांत गेलंय. तुम्ही एकदा येऊन बघा.

मुलगा दोन दिवसांत हजर झाला. चाळिशीचा, शांत, हाताची बोटं ॲसिडने पिवळी पडलेली. त्याने आल्या आल्या पाय आत झटकले, आईचं ऐकून घेतलं, आणि म्हणाला, "आप्पा, चला माज्यासंगं. हितं तुमी दोघंच. उद्या रातच्याला काय झालं तर ह्यास्नी हाक मारनार का?" 'ह्यास्नी' म्हणजे मी. त्याने माझ्याकडे बघून वाक्य संपवलं.

"कुटं नेनार?"

"दुकानावरच्या खोलीत. आता पंखा बसवलाय. धूर भाईर जातो."

"खिडकी?"

मुलगा बोटांवरचे पिवळे डाग चोळायला लागला.

"मी येत न्हाई," आप्पा म्हणाले. "माझी छाती त्या खोलीत गेली. उरलेलं मी हितं आनलंय. त्ये परत न्यायचं न्हाई."

"मग तितं येतो त्यो वास हितं कसा काय यायला लागलाय? सांगा की."

"ह्या मास्तरला इचार."

पेच असा होता. वास खोटा असेल तर आप्पांचं डोकं फिरलंय आणि त्यांना जावं लागणार. वास खरा असेल तर घरात कुणीतरी गलाई करतंय, आणि ते करायला लायक असा एकच इसम होता. काकी त्या दोन दिवसांत बॅग भरत होत्या आणि उपसत होत्या. आप्पांचे कपडे आत घातले की त्यांना रडू यायचं, बाहेर काढले की मुलाची भीती वाटायची.

या प्रसंगी मी विज्ञानाला पाचारण केलं. कॉलेजमधून निळ्या लिटमस कागदाच्या पट्ट्या आणल्या. आम्ल लागलं की हा कागद लाल होतो. मी त्या ओल्या करून दोऱ्याने घरातल्या झाडून सगळ्या खिडक्यांना बांधल्या, आणि त्या घरात खिडक्या किती हे मी सांगितलंच आहे. घर सत्यनारायणाला सजवल्यासारखं दिसायला लागलं. मुलाला मी विश्वासात घेऊन सांगितलं, "दोन-तीन दिवस राहू देत. सगळ्या निळ्याच राहतील. मग आप्पांची समजूत पटेल आणि ते निमूट येतील तुमच्याबरोबर." म्हणजे आप्पांना घरातून घालवायची शास्त्रीय तयारी मी स्वखर्चाने करत होतो. रोज सकाळी पट्ट्या ओल्या करायच्या, गाडी सुरू करायची, चष्म्यासाठी वर जायचं.

तिसऱ्या सकाळी सगळ्या पट्ट्या निळ्या होत्या. फक्त आप्पांच्या खाटेजवळच्या खिडकीतल्या दोन लाल झाल्या होत्या.

"त्या काढून टाकू," मी म्हणालो. "काकींचा चिंचेचा हात लागला असेल."

"मी काय खिडकीत बसून चिच खाते व्हय?" काकी म्हणाल्या.

मुलगा मात्र खिडकीतून बाहेर बघत होता. बाहेर माझी गाडी तापत होती. तो दारातल्या पायऱ्या उतरला, गाडीच्या मागे जाऊन उकिडवा बसला, नळीजवळ तोंड नेलं आणि खोकत मागे सरकला. डोळे पुसत त्याने खिडकीकडे बघितलं.

"आप्पा," तो ओरडला, "हाय की वो! खराच हाय की!"

मग गाडी बंद करायला लावून त्याने खाली वाकून बघितलं. "सर, हितला डबा कुटाय?"

"तो काढला," मी म्हणालो. "मायलेजसाठी."

हे वाक्य तोंडातून बाहेर पडत असताना माझ्या डोळ्यांसमोर फळा आला. आकृती आली. तिसरा बाण आला: नायट्रोजनचे ऑक्साइड. तेजाब उकळल्यावर निघतो तो तांबूस धूर दुसरा कुणी नाही, याच घराण्यातला. आप्पांच्या नाकाने त्याला गर्दीतून ओळखलं होतं आणि मी त्याला दरवर्षी पाच गुणांसाठी विचारत होतो.

आप्पा तोपर्यंत भिंतीला धरून बाहेर आले होते. मुलगा त्यांना सांगायला लागला, "त्यात प्लॅटिनम आसतंय आप्पा. आपल्याकडं भंगारवाले आसले डबे घेऊन हिंडत्यात. आतली जाळी फोडून..."

"काय आसतंय?"

"प्लॅटिनम. पॅलेडियम बी. ऱ्होडियम बी."

आप्पा पायरीवर बसले. मला वाटलं आता छातीबद्दल बोलतील, सहा महिने विष पाजलं म्हणतील. छाती ते साफ विसरले होते.

"पायपुसनं जाळून आमी गुंजभर सोनं काढलंय," ते मुलाला म्हणाले. "हात धुतलेलं पानी कवा सांडलं न्हाई. आनि ह्यो मानूस प्लॅटिनम टाकून आला." मग माझ्याकडे वळले. "कुनाला दिलं?"

"गॅरेजवाल्याला."

"नुस्तंच?"

"मिसळ खायला घातली."

"कुनी? त्यानं तुमाला?"

"नाही. मी त्याला."

आप्पांनी डोळे मिटले. "जादा पाव दिला का?"

"दिला."

काकी आत निघून गेल्या. त्यांचे खांदे हलत होते.

नवा कन्व्हर्टर बसवायला मी कंपनीच्या वर्कशॉपला गेलो तेव्हा आप्पा आणि मुलगा दुसऱ्या गाडीने सांगलीला आले. माझ्यावर सोडायला दोघेही तयार नव्हते. बसवण्याआधी आप्पांनी डबा हातात मागून घेतला, उजेडाकडे धरून एका बाजूने बघितलं. बारीक बारीक चौकोनी भोकं, पलीकडे उजेड. "जाळी दिसती. प्लॅटिनम कुटाय?"

"भोकांच्या आतून पातळ थर आहे, आप्पा."

"म्हंजी मुलामा."

"मुलामाच."

त्यांचा चेहरा उतरला. गलाईवाल्याला मुलाम्याइतकं हलकं काही नाही. "आनि ह्यो थर काम करून झिजत न्हाई?"

"नाही. वायूंची अदलाबदल करून देतो आणि स्वतः तसाच राहतो." मध्यस्थाचा विनोद माझ्या ओठांवर आला होता, मी गिळला.

"काम करतो आनि झिजत न्हाई," आप्पा डबा परत देत म्हणाले. "सरकारी दिसतोय."

राहता राहिला मुलाचा निकाल. त्याने परत जायचं तिकीट काढलं होतं, आप्पांचंही. तो बापाला म्हणाला, "हे बगा. उद्या सकाळी तुमी आत खाटेवर पडायचं. मी गाडीमागं हुबा ऱ्हातो. सर गाडी सुरू करतील. आता डबा हाय, वास याय नको. न्हाई आला, तर तुमचं नाक खरं, तुमी हितंच ऱ्हावा. पर आला म्हनाला, तर त्यो वास डोक्यातलाच हाय. मग चलायचं. कबूल?"

"सेरी," आप्पा म्हणाले.

सकाळी आप्पा आत, मुलगा गाडीमागे, काकी भरलेली बॅग घेऊन दारात. मी किल्ली फिरवली. इंजिन मऊ आवाजात सुरू झालं. आम्ही सगळे त्या खिडकीकडे बघत होतो. त्यांनी नुसतं गप्प राहायचं होतं.

"आला!" आतून आवाज आला.

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. काकी खिडकीशी गेल्या आणि दबक्या आवाजात म्हणाल्या, "आवं, नीट बगा की. न्हाई येत म्हना."

"येतोय त्यो न्हाई कसा म्हनू? उभ्या जल्मात गिऱ्हाइकाला खोटा टंच सांगितला न्हाई. आता मरताना पोराला सांगू? कमी हाय, पर आलाय."

मुलाने बॅगेला हात घातला. काकी बॅग सोडेनात. आणि मी तिथे स्टिअरिंग धरून बसलो होतो, बारावीचा अख्खा धडा पोटात घेऊन. गणपतीचा स्टिकर मी आदल्या दिवशीच काढला होता. खालचा दिवा विझलेला होता. डबा चालू होता. मग वास का?

"थांबा!" मी म्हणालो. "थंड आहे तो! गार असताना काम करत नाही. तापावा लागतो!"

"किती?" मुलाने विचारलं.

"मुशीसारखा. दोन मिनिटं द्या."

गाडी चालू होती. काकी बॅगेचा एक बंद धरून, मुलगा दुसरा. मला पुस्तकातलं पान आठवत होतं, पण दोन मिनिटं हा आकडा पानावर होता की मी आता ठोकून दिला, हे आठवत नव्हतं. कढीपत्त्यावर एक चिमणी आली, गेली.

"कमी झाला," आतून आवाज आला.

मुलगा नळीमागे वाकला.

"आनि कमी झाला." मग बराच वेळ काही नाही. मग, "गेला!"

मुलगा तसाच वाकलेला होता. त्याने नळीखाली हात धरला, तळहातावर थेंब पडले. त्याने वास घेतला. "पानी हाय नुस्तं," तो म्हणाला, आणि बॅगेचा बंद सोडला. काकी बॅग घेऊन आत गेल्या आणि त्यांनी ती खाटेवर उपडी केली. आवाज बाहेर ऐकू आला.

आप्पा लुंगी सावरत बाहेर आले. सावकाश वाकले, नळीच्या तोंडचा थेंब बोटावर घेतला, हुंगला, बोट लुंगीला पुसलं.

"तापल्याबिगार काम करत न्हाई म्हना की."

"हो."

"ह्ये आदी का न्हाई सांगितलं? पोरगं बॅग उचलत हुतं."

"आत्ता आठवलं."

"शिकवता न्हवं तुमी ह्येच?"

"हो."

आप्पांनी मुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि दोन्ही हात जोडले. मी घाईने गाडीतून उतरलो. वडीलधाऱ्या माणसाने हात जोडलेले बरे दिसत नाहीत.

"मास्तर, माफी करा," ते म्हणाले. "मी तुमच्यावर न्हाई त्यो संशय घेतला. चोरून गलाई कराय डोकं लागतं."